लक्ष्मीअम्मांचा पिवळा दगड

मंडळी, आज सकाळी बुवापाड्यातल्या आमच्या शेजारीण लक्ष्मीअम्मा पदराआड एक चमकता पिवळा दगड घेऊन आल्या. त्यांचे यजमान कर्नाटकातल्या, आता बंद पडलेल्या सोन्या-तांब्याच्या खाणीत होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत हा सापडला.

“दादा, हे सोनं आहे का? खरं सांगा.”

मी दगड चिनी मातीच्या बरणीच्या खरबरीत बुडावर घासला. हिरवट काळी रेघ उठली. सोन्याची रेघ पिवळी येते.

“अम्मा, ही सोनमाखी. तांबं, लोखंड नि गंधक. सोनं नाही हो,” मी चाचरत म्हणालो.

अम्मांनी डोळ्यांना पदर लावला. “देवा, म्हणजे यांनी चोरी नव्हती केली! झोप लागत नव्हती मला.”

दगड आता यजमानांच्या फोटोपुढे ठेवलाय.

चकाकतं ते सोनं नसतं, हे ऐकून कुणी इतकं सुखावलेलं तुम्ही पाहिलंय का?