टिकली लावलेला फोन

भिसेगावात आमच्या समोर राहणाऱ्या मावशींनी फोनच्या कॅमेऱ्यावर लाल टिकली चिकटवली आहे. गप्पा मारायला बसल्या की आधी फोन स्टीलच्या डब्यात कोंडतात. "सगळं ऐकतो गं तो. गुडघा दुखतोय म्हनले, तर लगेच तेलाची जाहिरात."

स्वतः मात्र दिवसभर पायरीवर. माझ्या पिशवीत बोंबील आहेत की जवळा, हे त्या वासावरून सांगतात. माझ्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, तेव्हा आमच्याकडे कोण किती रडलं तेही त्यांना ठाऊक. यापेक्षा कॅमेरा परवडला, असं मला वाटायचं.

मागच्या महिन्यात नेरळहून एक जोडपं मुलीची चौकशी करायला आलं. आमच्याकडे येण्याआधी ते रीतीप्रमाणे मावशींकडे थांबलं. मी खिडकीआड उभी.

"आधी कुठं जमलं होतं का हिचं?" बाईंनी हळूच विचारलं.

मावशी तांदूळ निवडत राहिल्या. "मला काय म्हाईत नाय. त्यांच्या घरचं त्यांनाच इचारा."

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना मी पायरीपाशी थांबले आणि पिशवी त्यांच्यासमोर उघडी धरली.