म्हशीनं ओळखलेलं लुगडं

आमच्या घरी भाकरीची चव रोज वेगळी असायची. वडील जुन्या जालन्यातल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे आणि आई घरी बसून आडत्यांची फाटकी पोती शिवायची. बारदानाचे गठ्ठे दारात येऊन पडायचे. शिवायच्या आधी आई प्रत्येक पोतं उलटं करून झटकायची, शिवणीत अडकलेले दाणे दाभणानं टोकरून काढायची, आणि दिवसभरात जे जमेल ते एकत्र दळून आणायची. ज्वारी, बाजरी, मका, हरभरा, कधीकधी धने. धन्याची भाकरी कुणी खाल्ली आहे का? आम्ही खाल्ली. एकदा मिरचीची पोती आली तेव्हा आम्ही चौघं दिवसभर शिंकत होतो. शेजारीण दारातून ओरडली, "काय बाई, कशाची फोडणी घातली एवढी?" फोडणीला घरात तेलच नव्हतं.

पावसाळ्यात मोंढ्यात आवक घटायची. पोती कमी आली की शिवण कमी आणि दाणेही कमी. मग आई कण्या शिजवायची आणि आमच्या ताटात वाढून स्वतः म्हणायची, "मला भूक न्हाई, मी मघाशीच खाल्लं." मघाशी कधी, ते आम्ही विचारत नव्हतो.

त्या पोत्यांवर छाप असायचे. कुणाचा हत्ती, कुणाचं कमळ, कुणाचा उधळलेला घोडा. ते बघून बघून मी कोळशानं हत्ती काढायला शिकले. आईचा नियम एकच होता. "शिवलेल्या पोत्यावर काढलंस तर हात मोडीन. फाटक्यावर काढ, जितकं काढायचं तितकं."

पुढं मी शिकले. माहेर आणि सासर अशा दोन्ही घरांतली मी पहिली पदवीधर आहे, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. लग्न करून वडीगोद्रीच्या फाट्यापासून आत दोन-अडीच किलोमीटरवरच्या गावात आले. नवऱ्याची मोसंबीची बाग, एक म्हैस, सासूबाई, आणि आता दुसरीत जाणारी आमची लेक, एवढं आमचं घर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. नवऱ्यानं मोसंबीच्या दोन क्रेटांवर फळी ठोकून मला टेबल करून दिलं, आणि त्या टेबलावर मी सात-आठ वर्षं अंकलिप्यांची चित्रं काढली. ट टरबुजाचा, छ छत्रीचा. ण बाणाचा तर इतक्यांदा काढलाय की डोळे मिटून निशाणा लागेल. नाव मात्र माझं कुठंच छापलं नाही. एकदा लेकीच्या शाळेत भिंतीवर माझंच टरबूज चिकटवलेलं दिसलं. मी बाईंना म्हटलं, "हे टरबूज माझं आहे." बाई म्हणाल्या, "असू द्या, हात लावू नका."

आणि एक दिवस पुण्याहून एका प्रकाशनाच्या संपादक बाईंचा फोन आला. लहान मुलांचं चित्रपुस्तक, बत्तीस पानी. "आमच्याकडे मुखपृष्ठावर लेखकाबरोबर चित्रकाराचंही नाव असतं," असं त्या म्हणाल्या. त्याच्यानंतर त्या जे काही बोलल्या ते मला ऐकूच आलं नाही. दहा मिनिटांनी मलाच फोन करून विचारावं लागलं, "मॅडम, गोष्ट कशाची आहे म्हणालात?"

गोष्ट म्हशीची होती. म्हैस दावं तोडून गावभर हिंडते, जो तो तिला धरायला जातो आणि कुणालाच जमत नाही. आधी नमुन्याची चार पानं पाठवायची, ती पसंत पडली तर सगळं पुस्तक माझं.

चार पानं गेली. उत्तर आलं. "ताई, म्हैस झकास आहे. माणसं मात्र अंकलिपीतली वाटतात. आई म्हणजे अंबाडा, आजोबा म्हणजे काठी. तुमच्या गावात अशी माणसं आहेत का?"

मी दारात येऊन बघितलं. पारावर चार आजोबा बसलेले होते. एकाच्याही हातात काठी नव्हती, चौघांच्याही हातात मोबाईल होते. बाईंचं म्हणणं बरोबर होतं. त्यांनी मला अजून दहा दिवस दिले होते. नाही जमलं तर पुस्तक दुसऱ्या चित्रकाराला.

दोन दिवस मी भाजीत मीठ दोनदा टाकत होते. तिसऱ्या दिवशी ठरवलं, आता समोर बघूनच काढायचं. आत्याबाईंना म्हणाले, "उद्या सकाळी तुम्ही धार काढताना मी चित्र काढते. पुस्तकात यायचंय."

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

सकाळी गोठ्यात गेले तर आत्याबाई रेशमी लुगडं नेसून बसलेल्या. जांभळं, जरीच्या काठाचं, आमच्या लग्नात घेतलेलं. नाकात नथ, तोंडाला पावडर, कोपरापर्यंत बांगड्या. म्हैस धुऊन काळी कुळकुळीत केलेली, शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूची माळ.

"आत्याबाई, हे काय?"

"पुस्तकात यायचं म्हणलीस ना? मंग काय शेणाच्या लुगड्यात जाऊ पुण्याला?"

"आणि म्हशीला पोळा कधीपासून?"

"तिचं बी चित्र यायलंय की! तिनं काय पाप केलं?"

बाहेर फाटकाशी गाव जमलेलं. शेजारच्या काकूंनी शालूवर कापूस वेचायची ओटी बांधली होती. "मला कापूस वेचताना काढ गं. आन् केसांतला गजरा दिसला पायजे." चुलतसासरे सफारी सूट आणि काळा चष्मा घालून आलेले. त्यांना विहिरीवरची मोटार चालू करताना चित्रात यायचं होतं. मी म्हटलं, "मामा, मोटार चालू करायला सफारी?" ते म्हणाले, "पुस्तक किती वर्सं टिकतं, काही अंदाज हाय का तुला?"

नवरा दात घासत दारात उभा होता. हसता हसता त्याला ठसका लागला आणि फेस अंगावर सांडला. मला मात्र रडू येत होतं. दहातले तीन दिवस गेलेले, आणि समोर सगळं गाव लग्नाला निघाल्यासारखं.

आत्याबाई चरवी घेऊन म्हशीजवळ बसल्या. रेशीम करकरलं. म्हशीनं मान वळवून बघितलं. नऊ वर्षं जी बाई रोज दोन्ही वेळा तिच्याजवळ येऊन बसते, ती काही तिला दिसेना. समोर एक जांभळी, पावडरच्या वासाची अनोळखी बाई होती, आणि ती थेट कासेला हात घालत होती. म्हशीनं नाकातून असा फुस्कारा टाकला की आत्याबाईंच्या तोंडावरची पावडर उडाली. चरवी एकीकडं, आत्याबाई एकीकडं, आणि दाव्याला हिसडा देऊन म्हैस फाटकाबाहेर.

"धरा! धरा!"

शालू पळाला, सफारी पळाली. लेक टाळ्या वाजवत ओरडली, "मम्मी, गोष्ट सुरू झाली!"

मीही पळत सुटले. हातात वही-पेन्सिल होती म्हणून तीही आली.

म्हैस फाट्याच्या रस्त्याला लागली आणि वाटेतल्या एका शेतात शिरली. तिथं गुरांसाठी लसूणघास लावलेला, नुकतंच पाणी सोडलेलं. ती मधोमध उभी राहून शांतपणे चरायला लागली. काकू पुढं झाल्या तर ती दहा पावलं मागं. चुलतसासरे आडवे गेले तर त्यांच्या चष्म्याकडं बघून वीस पावलं मागं. एकाचा बूट चिखलात राहिला आणि तो नुसत्या मोज्यावर बाहेर आला.

मग आत्याबाई बांधावर येऊन पोचल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी साद घातली, "ये गं माझी बाई, ये ये!"

म्हशीचे कान उभे राहिले. ती आवाजाच्या दिशेनं चालत आली, जवळ येऊन लुगडं बघितलं, आणि पाठ फिरवून परत घासात गेली.

चुलतसासरे म्हणाले, "वैनी, आवाज पटला तिला. कापड न्हाई पटलं."

नवरा मोटारसायकलवर घरी जाऊन आत्याबाईंचं रोजचं हिरवं लुगडं घेऊन आला. शेण, दूध आणि चूल या तिन्हींचा वास त्याला. "आई, घे, गुंडाळ वरून आन् जा."

"वरून गुंडाळून काय व्हतंय? खाली चिखल बघ किती हाय. हे तुझ्या लग्नातलं लुगडं हाय. ह्याला डाग लागला तर मी मरेपर्यंत बोलून दाखवीन. तू नेस ते."

"मी?"

"मंग कोण, सफारी?"

आजूबाजूला इतका हशा झाला की नाही म्हणायला त्याला जागाच राहिली नाही. काकूंनी त्याला निऱ्या घालून दिल्या. जीन्स गुडघ्यापर्यंत वर, त्याच्यावर हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि पदराखाली ही एवढी झुपकेदार मिशी. तो चिखलात उतरला. "ये बाई, ये."

"आवाज बारीक कर की!" सफारी बांधावरून.

त्यानं बारीक केला. म्हशीनं चरायचं थांबवून विचारात पडल्यासारखं बघितलं.

"तू गप ऱ्हा," आत्याबाई म्हणाल्या. "मी हाका मारते, तू नुसता चाल."

आवाज बांधावरून आईचा आणि कापड चिखलात लेकाच्या अंगावर. म्हैस आली. पदराचा वास घेतला, जिभेनं त्याचा अख्खा दंड चाटला आणि मुकाट्यानं त्याच्या मागं चालायला लागली. गावातून आमची वरात निघाली. पुढं मिशीवाली बाई, मागं गेरूच्या शिंगांची म्हैस, आणि तिच्यामागं शालू, सफारी, गजरे आणि एका पायात बूट असलेला माणूस. मी पुढं पळत जाऊन पारावर बसून काढत होते. हसून हसून हात हालत होता, रेघा वाकड्या पडत होत्या, आणि त्या वाकड्या रेघांतली माणसं पहिल्यांदा आमच्या गावातली दिसत होती.

पाच दिवसांत चार पानं रंगवली आणि पाठवली. बाईंचा फोन आला.

"ताई, हे सगळे लग्नाला निघालेत का?"

"नाही मॅडम, चित्र काढून घ्यायला निघालेत."

मी सगळी हकिकत सांगितली. त्या इतक्या हसल्या की बोलणं जमेना म्हणून फोन दुसऱ्या बाईंकडं दिला, आणि मला परत पहिल्यापासून सांगावं लागलं. मग पहिल्या बाई म्हणाल्या, "लेखकाशी बोलते. गोष्टीचा शेवट असाच करायचा, साडीतल्या मिशीवाल्याचा. त्या चित्रासाठीच पुस्तक तुम्हाला. पण ते तुमचे मिस्टर ना? त्यांची लेखी परवानगी हवी."

मी उड्या मारत नवऱ्याला सांगायला बागेत गेले. तो म्हणाला, "न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"न्हाई म्हणजे न्हाई. फाट्यावर चहाला गेलो तर लोक 'काय वैनी, म्हैस बरी हाय का?' असं विचारायलेत. चार महिन्यांनी विसरतील. छापून आलं तर कधी विसरतील?"

त्याचंही खोटं नव्हतं. मी भांडले नाही. टेबलावर बसले आणि त्याच्या जागी दुसरा माणूस काढला. सरळ नाक, पातळ मिशी, कुणालाच ओळखू येणार नाही असा. दोनदा काढला, तीनदा काढला. पानावरची म्हैस उमदी, आणि तिच्यापुढं हा अंकलिपीतला गृहस्थ लुगडं नेसून उभा. मला कळत होतं की हे पान गेलं तर पुस्तकही गेलं. पण त्याला मनवायला जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तोंड त्याचं होतं.

दुपारी तो जेवायला आला. हात धुऊन टेबलाजवळ थांबला.

"हा कोण?"

"कुणी न्हाई."

"ह्याच्याकडं म्हैस येईल का?"

"न्हाई येणार."

त्यानं क्रेटातली एक मोसंबी उचलली, सोलली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. बिया हातात घेऊन पुन्हा चित्राकडं बघितलं.

"माझी मिशी एवढी बारीक हाय का?"

मी हसू आवरायला ओठ दाबून धरले होते.

"तुझं नाव कव्हरवर येणार ना? नक्की? आत कुठंतरी बारक्यात न्हाई ना टाकायचे?"

"कव्हरवर. लेखकाच्या नावाएवढंच."

"मंग आण तो कागद."

त्यानं शाळेतल्यासारखी मोठी, रेघ ओढलेली सही केली. आणि मिशी नीट निघाली का ते बघायला रंग वाळेपर्यंत तिथंच बसून राहिला. आत्याबाई आतून विचारत होत्या, "माझी नथ आली का रे चित्रात?"

उरलेली अठ्ठावीस पानं काढायला मला पाच महिने लागले. पुस्तक गेल्या वर्षी छापून आलं. त्यातली सगळी चित्रं माझी आहेत, आणि मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, माझं पूर्ण नाव आहे.