संपलं असं कोणी म्हणेना

गौतमने नूपुरला सोडलं, पण सोडलं असं तो कधी म्हणाला नाही. त्यामुळे नेमकं कधी सोडलं हे नूपुरला आजही सांगता येत नाही. गणपतीत दोघं लालबागला हातात हात घालून फिरले होते आणि नाताळपर्यंत तो तिला ‘नूपुरजी’ म्हणायला लागला होता. मधे कुठेतरी झालं असणार.

नूपुर घाडीगावकर परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. राहते घोडपदेवला, चाळीत, आईबरोबर, कमलताईंबरोबर. वडील गिरणी बंद पडल्यावर एका बिल्डिंगवर वॉचमन होते, ते जाऊनही बरीच वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी गौतम गोरक्षकर तिच्याकडे रक्त द्यायला आला तेव्हा सुई बघूनच पांढराफटक पडला होता. “काहीतरी बोलत राहा प्लीज,” म्हणाला. नूपुरने आदल्या रविवारी पाहिलेल्या पिक्चरची गोष्ट सांगायला घेतली. बाटली भरली, बोळा लावून झाला, तरी हा उठेना. “शेवट चुकीचा सांगितलात तुम्ही,” म्हणाला. “परत बघा. माझ्याबरोबर बघा.”

असं ते सुरू झालं. गौतम गिरगावातला, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला. त्याच्या घरी जानेवारी ते मार्च हा एक निराळाच मोसम असायचा. इतरांच्या घरी आंब्याचा असतो तसा ह्यांच्याकडे पुरस्कारांचा. ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की त्याची आई, सीमाकाकू, लग्नघर असल्यासारख्या कामाला लागायच्या. कुठला सिनेमा थिएटरला आलाय, कुठला मोबाइलवर दिसतो, कोणाचा पोशाख कोणी शिवला, सगळ्याची खबर त्यांना. आपल्याकडचे मराठी पुरस्कारही सोडायच्या नाहीत. टीव्हीवर सोहळा लागला की जेवणाची ताटं बाहेरच्या खोलीत यायची. सरकारी नोकरीत असताना ऑस्करच्या दिवशी त्या हाफ डे टाकायच्या आणि कारण म्हणून ‘घरगुती कार्य’ लिहायच्या. सोमवारी पहाटे सगळे टीव्हीसमोर. ज्याचे अंदाज सगळ्यात जास्त चुकतील त्याने सगळ्यांना पियूष पाजायचं.

नूपुरला हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा ती खाली अक्षरं वाचत परक्या भाषेतले सिनेमे बघायला शिकली. तिने आणि गौतमने आपसात एक कायदा केला होता: यादीतला एकही सिनेमा एकमेकांना सोडून बघायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात सगळं हळूहळू गार पडत गेलं. भांडण नाही, आवाज नाही. “रविवारी भेटू या?” विचारलं की “तू ठरव, माझं काय, मी कुठेही अॅडजस्ट होतो.” तिने ठरवलं की “नको, तू दमली असशील.” तिच्या लांबलचक मेसेजला नुसता अंगठा. स्टेटसला मात्र स्वतःची किंमत ओळखा, गृहीत धरणाऱ्यांपासून लांब राहा, अशी सुभाषितं. एके दिवशी तिची छत्री, हेल्मेट आणि आईचा पुरणपोळीचा डबा एका पिशवीत घालून तो लॅबच्या वॉचमनकडे ठेवून गेला. डबा घासून, पुसून. त्या स्वच्छ डब्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

नूपुरही काही कमी नव्हती. ‘ओके’ लिहून पुढे पूर्णविराम द्यायला ती तेव्हाच शिकली. त्याने विचारलं, “रागावलीस का?” तर “छे, मी कशाला रागावू?” असं लिहून मैत्रिणींबरोबर हसतानाचा फोटो लावायची आणि त्याने तो पाहिला की नाही हे दर पाच मिनिटांनी बघायची.

जानेवारीत नामांकनं आली. तिने आठवडाभर वाट बघितली आणि मग राहवेना म्हणून मेसेज टाकला, “ती दोन बहिणींची फिल्म दादरला लागलीय. शनिवारी?”

उत्तर आलं, “बघितली, एकट्यानेच. तुला वेळ नसतो ना हल्ली.”

नूपुर लॅबच्या मागच्या खोलीत उभी होती. दुसऱ्या कोणा मुलीबरोबर गेला असता तर तिने आरडाओरडा तरी केला असता. हा एकटा जाऊन बघून आला होता. त्यावर भांडायचं कसं आणि कोणाला सांगायचं काय? ‘त्याने माझ्याशिवाय पिक्चर बघितला’ असं सांगून रडलं तर लोक हसतील. पण तिला कळायचं ते कळलं.

आईलाही कळलं होतंच. “काय गो, तो गोरक्षकरांचो झील येणा नाय हल्ली?”

“बिझी असतो.”

“काय तां एकदा बोलान टाक. तोंडात गुळणी धरून कोणाचा भला झालाहा?” कमलताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. नूपुरने ऐकलं आणि काही केलं नाही. आपण बोललो की संपणार आणि न बोलता राहिलो तर निदान संपलं असं कोणी म्हणणार नाही, असा तिचा हिशेब होता. त्या दिवसांत ती जेवायची, कामावर जायची, हसायची. पण सगळं कोणाच्या तरी परवानगीची वाट बघत असल्यासारखं.

मग फेब्रुवारीत एका सकाळी लॅबमध्ये तिने पुढचा नंबर पुकारला आणि सीमाकाकू आत आल्या.

उपाशीपोटी, नीट इस्त्रीची कॉटनची साडी, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. काकूंना काय माहीत आहे आणि काय नाही याचा तिला पत्ता नव्हता.

“काकू, तुम्ही इथे? गिरगावातली लॅब बंद आहे का?”

“उघडी आहे. घराच्या खालीच आहे,” काकू खुर्चीत बसल्या आणि हात पुढे केला. “मला तुझ्याकडूनच रक्त काढून घ्यायचं होतं. घे.”

नूपुरने पट्टा बांधला, शीर चाचपली. मान वर केली नाही.

“गौतम सांगतो, तू फार बिझी असतेस,” काकू म्हणाल्या. “दिवाळीपासून बिझी आहेस. एवढं रक्त परळात कोणाचं काढतेस ग?”

नूपुरला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी. सुई मात्र हलली नाही.

“संपलं का तुमचं?” काकूंनी सरळ विचारलं.

“मला कोणी सांगितलं नाही काकू.”

बाटली भरत होती. “हे आमच्या घरात आहे,” त्या म्हणाल्या. “ह्याचे बाबा. तीस वर्षांत माझ्याशी एकदा भांडले नाहीत. लोक म्हणतात, नशीबवान आहेस. अग, राग आला की हे चार चार दिवस माझ्याशी इतकं गोड बोलतात की मला घरात पाहुणी असल्यासारखं वाटतं. माझा काय गुन्हा झालाय हे मीच शोधायचं. पोराने तेच उचललं. मी वेळीच बोलायला हवं होतं, राहून गेलं.”

“माझंही चुकलं असेल.”

“असेल. ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडायची नाही. त्याच्याशी लग्न कर असं सांगायलाही मी आलेली नाही.” काकूंनी कापसाचा बोळा स्वतःच दाबून धरला. “पण माझं तुझ्याशी काही संपलेलं नाही. ते मला तोंडाने सांगायचं होतं. फोनवर नको वाटलं. सोहळ्याला तू यायचंस. यायचं नसेल तर तसं सांग, मला राग येणार नाही. पण ‘बघू’ म्हणू नकोस.”

नूपुरने त्या क्षणी हो म्हटलं. पुढचा पेशंट दारात उभा होता, त्याच्यासमोरच तिने डोळे पुसले. काकू बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात उपमा खाऊन गिरगावला परत गेल्या.

इतक्या महिन्यांत कोणीतरी तिच्याशी पूर्ण वाक्यात बोललं होतं. दुपारभर नूपुरला हलकं वाटत राहिलं. संध्याकाळी तिने गौतमला फोन केला. मेसेज नाही, फोन. “रविवारी सकाळी दहाला, फाइव्ह गार्डन. तू ठरव वगैरे नको. मी ठरवलंय.”

वडाळ्याच्या बाजूच्या बागेत, मुलं क्रिकेट खेळत होती तिथल्या बाकावर ती बसली होती. गौतम वेळेवर आला. वाळलेला दिसत होता.

“काय वाटतं तुला?” त्याने बसता बसता विचारलं.

“गौतम, मी विचारायला आलेली नाही. सांगायला आलेय. आपलं संपलं.”

त्याचे खांदे असे खाली आले, जसं कोणी त्याच्या डोक्यावरची पाटी उतरवून घ्यावी. ते बघून नूपुरला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

“मला पुण्याला नोकरी मिळतेय,” तो म्हणाला. “ऑक्टोबरमध्येच विचारलं होतं त्यांनी. मला जायचं होतं. तुला ये म्हणावंसं वाटेना, आणि तुला ये म्हणावंसं का वाटत नाही याचीच मला भीती वाटायला लागली. वाटलं, तूच कंटाळून सोडशील. मला वाईट व्हायचं नव्हतं ग.”

“म्हणून मला वाईट करायला निघालास.”

“हो.” त्याने मान खाली घातली. “सॉरी. मनापासून.”

बॉल घरंगळत पायाशी आला. गौतमने उठून तो परत फेकला आणि येऊन बसला.

“मी पण केलं,” नूपुर म्हणाली. “ते हसरे फोटो तुझ्यासाठीच होते.”

“माहीत आहे. मी तुला म्यूट केलं होतं आणि रोज मुद्दाम शोधून बघायचो.”

दोघांनाही हसू फुटलं. इतकं की बाजूला चालणारे एक आजोबा थांबून बघायला लागले. हसताना नूपुरच्या लक्षात आलं की हा माणूस तिला अजून आवडतो, आणि तरीही तिला घरी एकटीनेच जायचं आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे तिला तोवर माहीत नव्हतं.

“तुझ्यामुळे मी खूप बघितलं रे,” ती म्हणाली. “नाहीतर आयुष्यभर शेवट चुकीचे सांगत राहिले असते.”

त्याचे डोळे भरले. निघताना तो म्हणाला, “सोहळ्याच्या सोमवारी आईकडे जाशील ना? मी आदल्या दिवशीच पुण्याला जातोय. तुला अवघड नको व्हायला.” हे त्याने सरळ सांगितलं, आणि नूपुरला ते त्याच्या चार वर्षांतल्या कुठल्याही भेटवस्तूपेक्षा मोठं वाटलं.

मार्चमध्ये सोहळ्याच्या सोमवारी पहाटे ती तयार होत होती तर कमलताई लुगड्यासारखी घट्ट साडी नेसून, घावण्यांचा डबा घेऊन दारात उभ्या.

“तू कुठे?”

“मी पण येतंय. इतकी वर्सां ह्यां काय असता तां बघूक व्हया.”

लग्नाची बोलणी करायला म्हणून ज्या दोघी भेटायच्या होत्या, त्या शेवटी अशा भेटल्या. टॅक्सीतून उतरून मायलेकी गिरगावातला जिना चढल्या. दार गौतमच्या बाबांनी, अभयकाकांनी उघडलं. पायजमा, सदरा, हातात चहाची किटली. त्यांनी कमलताईंना नमस्कार केला, क्षणभर घुटमळले आणि नूपुरला म्हणाले, “आलीस, बरं वाटलं मला.” आतून काकूंनी मान बाहेर काढून नवऱ्याकडे आश्चर्याने पाहिलं.

घावणे नारळाच्या रसाबरोबर संपले. टीव्हीवर बायका लांब झगे सावरत चालत होत्या. त्यांच्या उघड्या पाठींना गारवा बाधेल याची कमलताईंना काळजी लागली. मग कोणीतरी नटी बक्षीस घेऊन रडायला लागली.

“बक्षीस गावला तरी रडता कित्याक ही?”

“अहो, आनंदाने,” सीमाकाकू म्हणाल्या. “बघा, आता सगळ्यांचे आभार मानेल.”

“मगे बरां करता,” कमलताई म्हणाल्या. “मानूक व्हये.”

शेजारच्या बाई दूध मागायला आल्या आणि सोफ्यावर दोन अनोळखी बायका बघून दारातच थांबल्या. “पाहुणे कोण म्हणायचे?”

व्याही नाहीत, नातेवाईक नाहीत, शेजारी नाहीत. ह्या नात्याला मराठीत नाव नाही.

“आमची माणसं,” काकू म्हणाल्या, आणि दुधाचं पातेलं आणायला आत गेल्या.

नूपुरने डोळे टीव्हीवरच ठेवले. समोर कोण काय बोलत होतं ते तिला काही कळलं नाही. एक माणूस गेला होता आणि त्याच्या मागचं अख्खं घर तिच्यापाशी राहिलं होतं. असं कोणाच्या वाट्याला येतं? ह्या बाईने परळपर्यंत येऊन हात पुढे केला नसता तर ती अजून त्या ‘ओके’ आणि अंगठ्यांच्या मधेच कुठेतरी ताटकळत बसली असती.

त्या वर्षी सगळ्यात जास्त अंदाज काकूंचेच चुकले. दहा वाजता सगळ्यांना पियूष मिळालं, अभयकाका स्वतः खाली जाऊन घेऊन आले.

घोडपदेवला परत जायला मायलेकी बसस्टॉपवर उभ्या होत्या. ऊन चांगलंच चढलं होतं. कमलताईंनी रिकामा डबा पिशवीत नीट बसवला.

“बाई बरी आसा,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“पुढच्या वर्साक कधी असता ह्यां?”

“मार्चमध्येच.”

“तेव्हा घावण्यांच्या जाग्यार खापरोळ्यो करूया,” कमलताई म्हणाल्या, आणि बस आली तशी लेकीच्या दंडाला धरून पुढे सरकल्या.