पाकिटात निघालेला गुडघा

ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणत. बावीस वर्षं तिने हत्यारं मांडून दिली. एवढ्या काळात हाडाचे डॉक्टर किती बदलले, सिस्टरचा पारा मात्र होता तिथेच राहिला.

मांडीचं हाड मोडलं की त्याच्या पोकळीत लांब रॉड टाकतात, खुब्याकडून नाहीतर गुडघ्यातून. बरी पद्धत कोणती, हे ताडून पाहायला आताच्या धाकट्या डॉक्टरांनी अभ्यास काढला होता. कुणाला कुठून, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची.

त्या सकाळी टेबलावर चाळिशीचा गडी होता. भूल अजून द्यायची होती. पाय धुताना सिस्टरला त्याच्या गुडघ्यांवर जाड घट्टे दिसले.

"काय काम करता, दादा?"

"फरश्या बसवतो. दिवसभर गुडघ्यांवरच."

तेवढ्यात डॉक्टरांनी पाकीट फोडलं. "गुडघ्यातून."

सिस्टरने हातातला बोळा बादलीत आपटला. "गुडघ्याच्या हत्यारांचा ट्रे मी उघडणार नाही."

"सिस्टर, पाकिटात निघालंय."

"पाकीट जाणार आहे का फरश्या बसवायला?"

"हाड दोन्हीकडून सारखंच जुळतं."

"आणि गुडघा दुखत राहिला तर? तुमच्या फॉर्मात वय आहे, वजन आहे, विडी ओढतो का तेही आहे. पोटासाठी करतो काय, हे कुणी विचारलंय?"

भुलीचे डॉक्टर मॉनिटरमध्ये डोकं घालून बसले.

"एक पेशंट अभ्यासातून गळला तर माझी आकडेवारी..."

"खड्ड्यात गेली आकडेवारी! माणूस शुद्धीवर आहे, त्याला विचारा."

डॉक्टरांचे कान लाल झाले. टेबलाशी वाकून त्यांनी सगळं सांगितलं. गुडघ्याचं दुखणं सांगितलं, खुबाही दुखू शकतो हेही सांगितलं.

फरशीवाला भडकला. "मग सही घेताना दोन्ही सारखंच म्हणून का सांगितलंत? खुब्याकडून टाका."

डॉक्टरांनी यादीतला त्याचा नंबर खोडला. सिस्टरने खुब्याचा ट्रे उघडला. रॉड नीट बसला.

हातमोजे काढताना तिची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली. गुडघ्यातून झालेले आजवर अकरा. अकराही वेळा ट्रे तिनेच मांडला होता, आणि काम काय करता, हे तिनेही विचारलं नव्हतं.

"त्या अकरा जणांचे फोन नंबर द्या," ती डॉक्टरांना म्हणाली. "आत्ता."