ताक चारवर, चुना बारावर

बाई कुणाच्याही घरी गेल्या, की ताकाचा पेला तोंडाला लावायच्या आधी पर्समधून पिवळ्या कागदाची पट्टी काढून त्यात बुडवायच्या. पट्टी नारिंगी झाली, की "चार!" असं जाहीर करून मगच प्यायच्या. "जीभ लबाड असते, कागद नाही," हे वर.

बजाजनगरात आमच्या ओळीत राहणाऱ्या या बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. घरी आल्या तरी त्यांची शाळा सुटायची नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ओळीतल्या साऱ्या बायकांना त्यांनी पीएच शिकवला. सातवर शुद्ध पाणी, खाली उतरलं की आम्ल, वर चढलं की आम्लारी. चुना पार बारावर.

शेजारच्या वहिनी अजिंठ्याकडच्या. त्या म्हणाल्या, "लिंबू दोन, ताक चार. म्हंजी लिंबू दुप्पट आंबट, व्हय ना?"

"शंभरपट! एकेक पायरी दहापटीची. दहा दाहे शंभर."

वहिनींनी सरबतात आणखी साखर घातली. पट्टी तरी लालच, म्हणजे दोनच्याच आसपास. "साखरेनं आंबट लपतं, जात नाही," असं म्हणत बाईंनी सरबत संपवलं.

दिवाळीच्या तोंडावर वहिनींचा नवरा घराला चुना देत होता. कुंचला झटकला आणि चुना सरळ डोळ्यात. तो ओरडत खाली बसला. वहिनी हुशार, चिरलेलं लिंबू घेऊन धावल्या.

"लिंबानं चुना मरतो, बाई! तुम्हीच सांगितलं व्हतं!"

बाईंनी लिंबू हिसकावून फेकलं. "पाणी! नुसतं पाणी!" त्याला मोरीत आडवा करून पापणी बोटांनी उघडी धरली. आम्ही हंडे रिकामे करत राहिलो. तो शिव्या घालत होता, बाई ऐकत नव्हत्या. डोळा राहतो की जातो, कुणालाच कळत नव्हतं. रिक्षातही बाई तांब्यानं पाणी ओततच होत्या. डॉक्टर म्हणाले, पाण्यानंच डोळा वाचला.

घरी आल्यावर वहिनींना रडू फुटलं. बाईंनी त्यांना जवळ घेतलं. "तुझं गणित बरोबर होतं गं. पण डोळा म्हणजे परीक्षानळी नव्हे, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं." दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन त्यांनी तेवढंच सांगितलं. आपली चूक ताठ मानेनं सांगणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. मला त्या फार आवडायच्या.

गेल्या उन्हाळ्यात बाई वारल्या. त्यांना पोचवून आल्यावर वहिनींचा नवरा दारातच बसला. डोळ्यांना धार लागली होती. वहिनींनी पदर पुढं केला.

"राहू दे," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांतून येतंय ना, ते बाईंमुळंच."