नवीन मॉडेल यायलंय

गारखेडा परिसरात गेल्या काही वर्षांत जेवढे मोबाईल, टीव्ही आणि लॅपटॉप विकले जायचे राहून गेले, त्यांतले निम्मे तरी माझ्या साडूंमुळे राहिले, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. यात मी माझं घर धरलेलंच नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. जगात कुठल्या कंपनीत कुठला फोन शिजतोय याची बातमी यांना त्या कंपनीच्या शिपायाच्या आधी लागते. नव्या फोनचं अनावरण असलं की हे इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून लॅपटॉपसमोर बसतात, मुलगी बघायला आल्यासारखे. आणि एवढा अभ्यास करून निष्कर्ष मात्र एकच काढतात. "कशाला घाई करायलात साडूभाऊ? दोन महिने थांबा, नवीन मॉडेल यायलंय." दोन महिन्यांनी ते येतंसुद्धा, पण तोवर त्याच्या पुढचं वाटेला लागलेलं असतं. त्यांचा स्वतःचा फोन इतका जुना आहे की एका दुकानदारानं तो शोकेसमध्ये ठेवायला मागितला होता. आमच्या टीव्हीवर मधोमध एक हिरवी रेघ आहे. क्रिकेटची मॅच लागली की बोलर धावत येतो, रेघेत शिरतो आणि पलीकडून बाहेर पडतो. मधल्या काळात त्याचं काय होतं ते आम्ही अंदाजानं ठरवतो. मी चांगला पदवीधर माणूस, सरकारी कचेरीत हयात गेली, पण नवा टीव्ही घ्यायला म्हणून क्रांती चौकात जातो, दुकानाच्या पायरीवरून साडूंना फोन लावतो आणि भजी खाऊन परत येतो. बायको म्हणते, "तुम्ही दोघं मिळून दुकानदारांचे तळतळाट घेणार आहात."

निवृत्त झाल्यावर त्यांनी पॉडकास्ट काढला. अक्कांच्या भाषेत सांगायचं तर, "घरचाच रेडिओ, घरच्याच कानांसाठी." आतल्या खोलीत दोरीवर गोधड्या टाकायच्या, आवाज नको म्हणून पंखा बंद करायचा आणि एका माईकसमोर आम्ही दोघांनी बनियनवर बसायचं. एप्रिलमधले आमचे भाग ऐकलेत तर साडूंच्या बोलण्यात एक कळकळ जाणवेल, ती उकाड्याची आहे. नळाला पाणी यायचा दिवस असला की रेकॉर्डिंग रद्द, कारण तेव्हा गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि साडूंनाही बादल्या भरायला जावं लागतं. माझी ओळख ते दर भागात न चुकता करून देतात, "आन् आपल्यासोबत हायेत माझे साडू, ज्यांना यातलं काहीच कळत नाय." सुरुवातीला मला वाईट वाटायचं. नंतर लक्षात आलं की पूर्ण कार्यक्रमात एवढं एकच विधान कुणी खोडून काढू शकत नाही. माझं काम "हो का!" आणि "काय सांगता!" म्हणण्याचं. एकदा मी हिंमत करून "पण" असा शब्द उच्चारला होता. तो त्यांच्या पुढच्या वाक्याखाली सापडून गेला.

पण माणूस सांगतो मात्र असं, की ऐकत राहावं. संगणकाचा पहिला माऊस लाकडाचा होता, हे सांगताना ते हाताखाली खरोखर लाकूड असल्यासारखा टेबलावर हात फिरवतात. कॉफीचं भांडं रिकामं आहे की भरलेलं हे उठून बघायचा काही संशोधकांना कंटाळा आला, म्हणून त्यांनी त्याच्यावर कॅमेरा लावला आणि तोच जगातला पहिला वेबकॅम ठरला, ही त्यांची सर्वांत आवडती गोष्ट. "आळशी माणसाला नावं ठेवू नका," ते म्हणतात, "कामसू माणसानं आजवर नुसतं काम केलंय, शोध नाय लावला." हे ऐकून मी बायकोकडे मोठ्या आशेनं बघितलं होतं, पण तिनं भाजी निवडायला दिली. आम्हाला ऐकणारे तसे मोजकेच, त्यांतही निम्मे सोयरे. उरलेल्यांत खुलताबादचे एक भाईसाहेब होते, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेले. दर भागाखाली ते न चुकता चार ओळी लिहायचे. एकदा त्यांनी माझ्याबद्दल लिहिलं, "साडूसाब कू बी बोलने दो." ती ओळ मी आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवली.

साडूंना हल्ली ऐकू कमी यायचं, हे आम्हाला माहीत होतं. माईकसमोर मला ओरडावं लागायचं आणि मी ते त्यांच्या उत्साहाच्या खात्यावर टाकून मोकळा व्हायचो. डॉक्टरांनी कानाचं मशीन लावायला केव्हाच सांगितलं होतं. अक्का मला म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा ओ. मी आता बोलायचं सोडूनच दिलंय, हातानं खुणा करायलेय." मी सांगितलं. उत्तर काय आलं असेल ते तुम्हीच ओळखा. मशीनमध्ये म्हणे नवी चिप येणार होती. आणि मी, हिरव्या रेघेतला बोलर बघणारा माणूस, मान डोलावून घरी आलो.

एका शनिवारी ते खुलताबादचे भाईसाहेब स्वतः साडूंच्या घरी आले. पिशवीत त्यांच्याकडची सीताफळं, अंगावर धुतलेला कुर्ता, आणि आवाज इतका मऊ की मलाच पुढे वाकावं लागलं. "साब, हम तो दुकान पे आपकीच आवाज लगा को बैठते," ते म्हणाले. साडू हसले. मग जरा चुळबुळ करून त्यांनी विचारलं, "अब्बा का रेडियो का दुकान था, पूरे गाँव का रेडियो वोच सुधारते थे. एक दिन आपके प्रोग्राम में उनके बारे में बोलूँ क्या?" साडूंनी क्षणभर त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "आत्ता नको. दोन महिने थांबा, नवीन मॉडेल यायलंय." भाईसाहेबांचा चेहरा उतरला. "जैसी आपकी मर्जी," म्हणाले, अर्धा कप चहा तसाच ठेवून उठले आणि मी चपला शोधेपर्यंत जिना उतरून गेलेसुद्धा.

तेव्हा मला उमगलं की हे पहिल्यांदा होत नव्हतं. समोरच्याचं ऐकू आलं नाही की साडू तेच ठरलेलं उत्तर द्यायचे, आणि दहातली नऊ माणसं त्यांना फोनबद्दलच विचारत असल्यानं ते चपखल बसायचं. मला गेल्या वर्षभरात मिळालेल्या किती सल्ल्यांत माझा प्रश्न त्यांच्या कानापर्यंत पोचला होता, देव जाणे. मी ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी पिशवीतलं एक सीताफळ हातात घेतलं. "मी त्यांना नाय म्हणलो?" त्यांनी विचारलं. "त्यांच्या वडलाला नाय म्हणलो?" एवढं बारीक तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. मग उठून शर्ट घातला, इस्त्री नसलेला, आणि म्हणाले, "चला."

क्रांती चौकातल्या कानाच्या मशीनच्या दुकानातला पोरगा मोठा प्रामाणिक निघाला. "काका, घाई नसेल तर थांबा," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात यातलं नवीन येणारे." मी हे साडूंच्या कानाशी ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "आत्ता हाय ते द्या." पोरानं मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि मी सवयीनं बोंबललो, "ऐकू येतंय का?" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. साडूंनी हात वर केला. मग मी साध्या आवाजात, बऱ्याच दिवसांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "साडूभाऊ, येतंय का ऐकू?"

"व्हय," ते म्हणाले. "पण तुमचा आवाज लई म्हातारा झालाय ओ. कधी झाला?"

मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "केव्हाच झालाय. मला वाटलं, तुम्हाला माहितेय." कार्यक्रमातली तरुण बाजू आपण सांभाळतोय, अशी माझी इतके दिवस समजूत होती. ते एक राहू द्या. पण साडूंच्या कानात माझा जुना आवाज तसाच राहिलेला होता, आणि तो त्या दुकानात माझ्यादेखत गेला, याचं मला खरंच वाईट वाटलं.

साडूंनी त्याच दिवशी खुलताबादला फोन करून माफी मागितली. पुढच्या शनिवारी भाईसाहेब आले आणि गोधड्यांच्या आड बसून वडिलांच्या दुकानाबद्दल मन भरेपर्यंत बोलले. साडू एकदाही मध्ये बोलले नाहीत. पाहुणे गेल्यावर मी माईकची वायर गुंडाळायला घेतली, तर त्यांनी माझा हात धरला. "बसा की. बोला कायतरी." मी विचारलं, कशावर बोलू? इतकी वर्षं मला बोलू देत नाहीत म्हणून कुरकुर करणाऱ्या माझ्याकडे ऐन वेळी एक विषय नव्हता. "कशावरबी बोला," ते म्हणाले. "मी ऐकायलोय." मग त्या उकाड्यात, बंद पंख्याखाली, मी माझ्या म्हाताऱ्या आवाजात बोलत राहिलो. काय बोललो ते आता मलाही आठवत नाही.