नऊ पांढरी हरणं

सुरुची बापट सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या कॉर्कला आली. नरेश जवळच्या रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात केमिस्ट होता. तिला शिकवायचं काम काही मिळेना, मग तिने घरून डबे द्यायला सुरुवात केली. नऊ वर्षं बरी गेली. एके दिवशी नरेशच्या हातून चहाचा कप सुटला. पुढच्या आठवड्यात पुन्हा सुटला. तपासण्या झाल्या. एकेक स्नायू निकामी करत नेणारा आजार निघाला.

"यावर औषध नाही," नरेशच तिला म्हणाला. वर्षभरात तो खुर्चीला खिळला. शब्द जड झाले.

शेजारच्या मॉरीनबाईंनी एकदा तिला संत गोब्नेटची गोष्ट सांगितली. खूप जुन्या काळी ही मुलगी घर सोडून एका बेटावर पळाली. तिथे देवदूत तिला म्हणाला, तुझी जागा ही नव्हे. नऊ पांढरी हरणं चरताना दिसतील, तिथे तुझा शेवट. ती हिंडत राहिली. कुठे तीन दिसली, कुठे सहा. इथून जवळच्या बॅलिव्हर्नी गावात नऊ दिसली. तिथेच तिने मधमाश्या पाळल्या, आजाऱ्यांची सेवा केली, आणि तिथेच ती गेली.

"अकरा फेब्रुवारीला तिची लाकडी मूर्ती बाहेर काढतात," मॉरीनबाई म्हणाल्या. "तिच्या अंगाला रिबन लावून आणायची आणि आजाऱ्याला बांधायची."

सुरुची कधी नवस बोलली नव्हती. तरी त्या दिवशी बॅलिव्हर्नीला गेली. पावसात रांगेला उभी राहिली, मूर्तीच्या डोक्यापासून पायापर्यंत रिबन धरली, कमरेभोवती फिरवली. घरी येऊन ती नरेशच्या मनगटाला बांधली.

"काय... हे?"

तिने सगळी गोष्ट सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकली. त्याला सांगलीला जायचं होतं. विमानप्रवास झेपणार नाही, हे डॉक्टरांनी तिला एकटीला सांगितलं होतं.

"आपली... हरणं?" त्याने विचारलं.

तिने त्याच्या मनगटावरची रिबन सरळ केली. मग म्हणाली, "दिसली रे. इथेच."

त्याने डोळे मिटले. पुन्हा सांगलीचं नाव काढलं नाही.

मे महिन्यात आवाज गेला, सप्टेंबरात तो. कॉर्कच्या बंदरातल्या छोट्या बेटावरच्या दाहिनीत त्याचं दहन झालं. सासूबाईंनी सांगलीहून फोनवर पाहिलं. मधेच चित्र अडकलं, पुढचं त्यांना काहीच दिसलं नाही.

त्या अजून दर रविवारी फोन करतात. "सुरुची, परत कधी येतेस गं?"

"बघते," ती म्हणते. फोन ठेवून उद्याच्या डब्यांची भाजी चिरायला घेते.